काळी गेली, पांढरी राहिली

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या अंधेरीतल्या ईस्ट इंडियन गावठाणांत ‘आगेरा’ साजरा होतो. आगेरा म्हणजे सुगीचा सण. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग घरोघर त्या वाटल्या जातात. एरवी ऑफिसच्या कपड्यांत दिसणाऱ्या बायका त्या दिवशी चौकड्यांची लुगडी नेसून मिरवणुकीत चालतात. मरोळच्या बाजूला राहायला आलो त्याला आता तीसएक वर्षे होतील. पहिली काही वर्षे बँडचा आवाज ऐकून मी नुसताच गॅलरीत उभा राहत असे. पुढे ओळखी झाल्या तसा खाली उतरू लागलो.

दोन-तीन वर्षांपूर्वी असाच बरोबर चालताना, वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असलेल्या एका शेजाऱ्यांना मी सहज विचारले, ‘‘लोंब्या कुठून आणल्या या वेळी?’’

‘‘वसईकडून आणल्या, साहेब. इथे कुठे राहिलीत शेतं?’’ ते म्हणाले. मग समोरच्या काचेच्या इमारतीकडे हात करून हसत हसत म्हणाले, ‘‘आमचं खाचर तिथे आहे. पार्किंगमध्ये.’’

मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ज्या गावात शेत नाही, तरी सुगीचा सण आहे. नांगर नाही, तरी गावकी आहे. त्याला गाव म्हणायचे की नाही?

सरकारी उत्तर सोपे आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजार ९६२ भरली. दर चौरस किलोमीटरला जवळजवळ २१ हजार माणसे. आणि त्यातली ग्रामीण लोकसंख्या? शून्य. जनगणनेच्या नियमाप्रमाणे जेथे महापालिका किंवा नगरपालिका आहे तो सगळा भाग शहरी. आत भात पिकते की संगणक चालतो, हे पाहण्याचे कारण नाही. अंधेरी आणि घाटकोपरपर्यंतची उपनगरे १९५० साली मुंबई महापालिकेत आली, दहिसर आणि मुलुंडपर्यंतची १९५७ साली. त्या दोन तारखांना इथली गावे कागदावर संपली.

मात्र कागद एकच नसतो. बँकेच्या नोकरीत शेवटची काही वर्षे गृहकर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेली, तेव्हा एक गंमत रोज दिसे. दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा करारनामा उघडला की आत लिहिलेले असे : मौजे मरोळ, तालुका अंधेरी. मौजे एकसर, तालुका बोरिवली. मौजे किरोळ, तालुका कुर्ला. वाचकांनी आपल्या घराचे कागद एकदा काढून पाहावेत. ज्या महसूल खात्याने शतकानुशतके शेतसारा गोळा केला, त्याच्या दप्तरात आपण सगळे अजून गावकरीच आहोत! एका खात्यात गाव जिवंत आणि दुसऱ्यात शून्य. हा केवळ शब्दांचा खेळ असता तर सोडून दिला असता. पण त्या शून्यात जिवंत माणसे राहतात.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. महसूल खात्यातल्या माणसाने लिहिलेले ते पुस्तक गावाच्या रचनेबद्दल आजही वाचावे असे आहे. गावाचे दोन भाग आपल्याकडे पूर्वापार धरले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. हे शब्द घाटावरचे. आमच्या कोकणपट्टीत खाचर, वरकस, खाजण असे शब्द चालतात. पण विभागणी तीच. काळी आणि पांढरी मिळून गाव होते. मुंबईच्या उपनगरांत काय झाले, तर काळी गेली आणि पांढरी तेवढी राहिली.

ही साष्टी बेटाची गावे होती तरी कशी? आजच्या पिढीला वाटते की गाव म्हणजे एकाच प्रकारच्या शेतकऱ्यांची वस्ती. तसे गाव महाराष्ट्रात कुठेच नव्हते, साष्टीत तर नाहीच. भात लावणारे ख्रिस्ती कुळबी, खाडीकाठी भात आणि मीठ पिकवणारे आगरी, मासेमारी करणारे कोळी, माडाशी आणि ताडीशी नाते असलेले भंडारी, बागायत करणारे पाचकळशी, गावच्या कडेला ठेवलेले महार, आणि डोंगराच्या अंगाला वारली, मल्हार कोळी, कातकरी. पोर्तुगीज अमलात यांच्यातल्याच अनेकांनी सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ साली ती इंग्रजांकडे गेली. पण खाचरातला माणूस बदलला नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या ख्रिस्ती समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी, धर्म ख्रिस्ती आणि घरातली बोली मराठी. हा हिशेब कोणत्या रकान्यात बसवायचा?

शिवाय जमीन कसणारा आणि जमिनीचा धनी हे बहुधा एक नसत. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकात इथली गावेच्या गावे मुंबईच्या धनिकांना इनामासारखी देऊन टाकली होती. या साष्टी इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा कायदा व्हायला १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे कुळाला हक्क मिळण्याचे दिवस आले, त्याच सुमारास शहर दाराशी येऊन उभे होते. कुळ जमिनीचे मालक होते न होते तोच जमीन शेतीची राहिली नाही.

पुढचा क्रम आपल्याला ठाऊक आहे. आरे दूध वसाहत १९४९ ते ५१ च्या काळात झाली. पुढे औद्योगिक वसाहत आली, विमानतळ वाढला, १९७३ साली सीप्झ आले, १९७७ साली चित्रनगरी आली. यातले काही नको होते असे मी म्हणणार नाही. आरेच्या दुधावर माझीच मुले वाढली. सांगायचे आहे ते एवढेच की या प्रत्येक प्रकल्पाच्या खाली कुणाचे तरी खाचर आहे. सीप्झच्या आवारात आजही एका पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. १५७९ साली बांधलेले ते कोंडिविट्याचे चर्च. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने लोक हैराण झाले आणि वस्तीच मरोळला हलली. तेव्हा रोगाने गाव उठले, पण दुसऱ्या जागी गाव म्हणूनच बसले. शहराने मात्र गाव न उठवता गिळले. माणसे होती तिथेच राहिली, फक्त त्यांच्याभोवतीचे गाव काढून घेतले गेले.

हे सगळे इतक्या आस्थेने मांडण्याचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. कारण गाव मोजण्यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. ती गोष्ट सांगितली पाहिजे.

१९८९ च्या एप्रिलपासून बँकांमध्ये ‘सेवा क्षेत्र योजना’ लागू झाली. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा ते पंचवीस गावे वाटून द्यायची, शाखेने त्या गावांची पाहणी करायची आणि त्यावरून कर्जाचा वार्षिक आराखडा करायचा, अशी ती कल्पना. कल्पना चांगली होती. मी तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या एका शाखेत तरुण अधिकारी होतो. त्याआधीच्या हिवाळ्यात छापील तक्त्यांचा गठ्ठा आणि मोटारसायकल घेऊन मी गावोगाव हिंडलो. एकूण उंबरे किती, खातेदार किती, भूमिहीन किती, बैल, म्हशी, विहिरी, सुतार, लोहार, चांभार.

सव्वाशे उंबऱ्यांचे एक गाव होते. ग्रामसेवक आणि कोतवाल बरोबर होते. सगळे घर न् घर झाले आणि दुपारी आम्ही ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीवर गेलो. पंधरा-वीस झोपड्या. एकीतही माणूस नाही. कुडाच्या दारांना काटक्या लावून ठेवलेल्या. कोतवाल म्हणाला, ‘‘भट्टीला गेलेत, साहेब. पावसाच्या तोंडावर येतील.’’ वीटभट्टीचा हंगाम होता. दिवाळीनंतर जायचे आणि मे अखेरीस परतायचे, हा त्यांचा वर्षक्रम. मी तक्त्यात ‘बंद घरे’ असे लिहिले. कुटुंबांच्या रकान्यात शून्य आले. बेरीज जुळली, सही केली, चहा घेऊन परतलो.

जून उजाडला आणि एक कातकरी बाई कडेवर पोर घेऊन शाखेत आली. शेळ्यांसाठी कर्ज हवे होते. मी आराखडा काढून पाहिला आणि सांगितले, तुमच्या वाडीचे नाव यात नाही. ती म्हणाली, ‘‘आमी इथलीच हाव, साहेब. तुमी आले तवा भट्टीवर होतो.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला लागले. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मी ती वाडी घातली. पण तिचे एक वर्ष गेलेच. आणि ते कोणत्या नियमाने गेले? नियमाने नाही. मी थंडीत गेलो म्हणून गेले. जून-जुलैत गेलो असतो, तर लावणीच्या चिखलात तीच माणसे मला भेटली असती. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समाजांपैकी एक. ज्यांना मोजण्याची सर्वांत जास्त गरज, तेच माझ्या बेरजेत नव्हते.

दुसरी चूक त्याहून मोठी होती, पण ती मला कळायला आणखी काही वर्षे लागली. त्या तक्त्यांत बायकांच्या व्यवसायापुढे मी सरसकट ‘घरकाम’ लिहिले होते. दारात उभी राहून बाई सांगत असे, ‘‘मी काही नाही करत, घरीच असते.’’ आणि ते सांगताना तिच्या पोटऱ्यांवर राबाचा चिखल वाळलेला असे, डोक्यावरचा भारा नुकताच खाली ठेवलेला असे. जनगणनेचा नियम या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणा आहे. घरच्या शेतात मोबदल्याशिवाय केलेले कामही काम म्हणून धरावे, असे तो सांगतो. परंतु नियम पुस्तकात असतो आणि पेन प्रगणकाच्या हातात. बाई ‘काही नाही’ म्हणते आणि पेन पुढे सरकते.

एखादे गाव नीट मोजले म्हणजे काय हाती लागते, याचेही उदाहरण आपल्याच मातीत आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या लहानशा गावाची घर न् घर, शेत न् शेत पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यातला एक हिशेब आजही अंगावर येतो. १७७१ साली त्या गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा, आणि १९१५ च्या सुमारास ७. दीडशे वर्षांत शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन कशी आटत गेली, हे या तीन आकड्यांनी सांगितले. एरवी आपण एवढेच म्हणालो असतो की लोक आळशी झाले, कर्जबाजारी झाले. मॅन यांनी मोजले म्हणून खरे कारण दिसले. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथे टोलेजंग सोसायट्या आहेत. काळी तिथेही गेली. फरक इतकाच की जाण्यापूर्वी कुणीतरी ती मोजून ठेवली होती. आमच्या मरोळची, एकसरची, किरोळची तशी वही कुणी केली असती तर!

अर्थात हे लिहिताना गावाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गावगाड्यात जातीची उतरंड होती, वेशीबाहेरची वस्ती होती, वेठ होती. काळी-पांढरीच्या जोडीत भूमिहीनाला जागा पांढरीच्याही कडेलाच मिळे. शहराने यातले पुष्कळ मोडले आणि ते बरेच झाले. प्रश्न गाव परत आणण्याचा नाही. जी माणसे अजून आहेत ती दिसण्याचा आहे.

आरेतच पाहा. तिथे सत्तावीस आदिवासी पाडे असल्याचे नेहमी सांगितले जाते. दूध वसाहत होण्याच्या आधीपासूनची ही वस्ती. पावसात थोडे भात, नाचणी, परसातली भाजी, आंबा-फणस, दिवाळीपूर्वी वाघबारस, आणि बाकीचे वर्ष शहरात मिळेल ती नोकरी किंवा मजुरी. यांना गाव म्हणावे तर ग्रामपंचायत नाही, कारण हद्द महापालिकेची. २००६ च्या वनहक्क कायद्याचा सगळा डोलारा ग्रामसभेवर उभा आहे. ज्यांचे गावच शून्य, त्यांनी ग्रामसभा भरवायची कुठे? बरे, शहर म्हणावे तर शहराची वीज आणि पाणी काही पाड्यांवर पोहोचायला कित्येक दशके लागली. गावाचे हक्क नाहीत, कारण तुम्ही शहरात आहात; शहराच्या सोयी नाहीत, कारण तुम्ही जंगलात आहात. खाडीपलीकडच्या गोराई-मनोरीत थोडीफार शेती आणि मासेमारी अजून टिकून आहे. तिथली माणसे बोटीने बोरिवलीला येतात आणि ‘मुंबईला चाललो’ म्हणतात. तेही जनगणनेत पूर्ण शहरीच.

आता हे सगळे लिहिण्याचे कारण. २०२१ ची जनगणना करोनामुळे झाली नाही. पुढची जनगणना २०२७ ची असेल, असे जून २०२५ मध्ये अधिसूचनेने जाहीर झाले. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख, आणि घरांची नोंद त्याआधीच्या टप्प्यात. १९३१ नंतर प्रथमच त्यात सर्वांची जात नोंदली जायची आहे. जातीच्या रकान्यावर चर्चा पुष्कळ होईल आणि व्हायलाही हवी. पण मला काळजी वाटते ती तारखेची. १ मार्च म्हणजे प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कातकरी भट्टीवर असतात. बीडकडचे ऊसतोड कामगार कारखान्यांच्या फडावर असतात. त्यांची डोकी जिथे सापडतील तिथे मोजली जातील. देशाची बेरीज कदाचित बरोबरही येईल. पण त्यांच्या गावाच्या पानावर ती नसतील. मी १९८९ मध्ये केलेली चूक तीच माणसे, त्याच हंगामात, पुन्हा सोसतील.

तारीख आता बदलणार नाही. परंतु दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. एक म्हणजे हंगामी स्थलांतराच्या वाड्या-वस्त्यांची यादी आधी करून, बंद दारांची नोंद शेजाऱ्यांना विचारून ठेवणे. ‘बंद घर’ आणि ‘हंगामापुरते गेलेले घर’ यांत फरक आहे, तो कागदावर दिसला पाहिजे. दुसरी गोष्ट आपल्या उपनगरांपुरती. शहरातल्या झोपडपट्ट्यांचे प्रगणक गट जनगणनेत वेगळे पाडले जातात, त्यामुळे त्यांचे आकडे वेगळे मिळतात. मग गावठाणे, कोळीवाडे आणि आदिवासी पाडे यांचे गट वेगळे का पाडू नयेत? त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. नकाशावर रेघ मारताना ती पाड्याच्या मधून न मारता कडेने मारावी लागते. एवढे झाले तरी मरोळ गावठाणात माणसे किती, आरेच्या पाड्यांवर किती, त्यांत शिकलेल्या मुली किती, याचे उत्तर पहिल्यांदाच मिळेल.

आणि थोडेसे काम आपलेही आहे. प्रगणक दारात येतो तेव्हा आपण बहुधा घाईत असतो. आपापसात बोलून ठेवले तर बरे. आजी अजून गावच्या शेताचा हिशेब ठेवते, आई घरात शिवण करून चार पैसे मिळवते, तर ‘काही करत नाही’ असे तिच्या वतीने सांगून टाकू नये. घरात जी बोली बोलतो तीच मातृभाषा म्हणून सांगावी. आपल्याकडे काम करणारी बाई कुठे मोजली गेली का, हेही विचारावे.

यंदाच्या आगेऱ्याला शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे एक लोंबी माझ्याही हातात ठेवली. ती मी दाराच्या चौकटीला अडकवली आहे. बायकोने विचारले, ‘‘किती दिवस ठेवायची?’’ म्हटले, मोजायला येतील तोवर असू दे.